टेनिस की बॅडमिंटन? एका टप्प्याचा फरक

सह्यवारा
नमस्कार मंडळी. बावीस वर्षं बॅडमिंटन खेळतोय, आठवड्यातून चार सकाळी, पुण्यातल्या एका हॉलमध्ये. गेल्या दिवाळीनंतर लेकीला टेनिसला घातलं. ती खेळत असताना बाकावर बसून राहायचं जिवावर आलं, म्हणून शेजारच्या कोर्टवर मीही सुरुवात केली. आता सात-आठ महिने झाले.

पहिल्या दिवशीची गोष्ट सांगतो. पलीकडून मार्कर (सरावाला चेंडू मारून देणारा माणूस) एकेक चेंडू देत होता आणि मी धावत पुढे जाऊन प्रत्येक चेंडू हवेतच उचलत होतो. पाच-सहा चेंडू झाल्यावर त्यानं हात वर करून थांबवलं. "साहेब, पडू द्या की त्याला. पडला म्हणजे संपलं नाही इथं."

हे वाक्य डोक्यातून जाईना. बॅडमिंटनमध्ये फूल (शटल) जमिनीला लागलं की खेळ खल्लास, त्यामुळे बावीस वर्षं माझं शरीर एकच गोष्ट शिकलंय: लवकर पोच, उंचावर घे. टेनिसमध्ये चेंडू पडतो, उठतो आणि तिथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. किती उसळेल, किती सरकेल, कुठे उभं राहायचं? माझं मत असं झालंय की दोन्ही खेळांतला झाडून सगळा फरक या एका टप्प्यातून येतो. मनगट, पाय, कोर्टाचा आकार, वरचं छप्पर, टीव्हीवर दिसणारं चित्र, सगळा.

ज्यांनी दोन्ही खेळलेत किंवा दोन्ही मनापासून बघतात त्यांनी सांगा: खेळायला कोणता, बघायला कोणता, आणि का? माझं आजचं मत खेळायला बॅडमिंटन. बघण्याबद्दल अजून नक्की ठरत नाही.

वऱ्हाडी_पाऊस
खेळायला बॅडमिंटनच, यात वादच नाही. नागपुरात थंडीत गल्लोगल्ली दोन खांबांना जाळी बांधून रात्री लाईट लावून खेळतात. पाच वर्षांचं पोर आणि साठीची आजी एकाच जाळीच्या दोन बाजूंना उभे राहू शकतात, आणि पहिल्या दिवशी दहा-बारा वेळा फूल इकडून तिकडे जातं. टेनिसमध्ये पहिले तीन महिने चेंडू गोळा करण्यातच जातात. मी दोन वर्षं शिकून सोडलं.

आणि आमच्या नागपूरच्या मालविका बनसोडनं 2022 च्या इंडिया ओपनमध्ये सायनाला हरवलं, तेव्हापासून हॉलमध्ये मुलींची गर्दी बघा.

शिट्टी
मी मुलांना शिकवतो, आधी बॅडमिंटन, आता टेनिस. वऱ्हाडी_पाऊस, तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष खेळाचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. नवशिक्याला पहिल्याच दिवशी पिवळा चेंडू आणि पूर्ण कोर्ट देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट विहिरीत ढकलणं. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के हळू असतो, नारंगी 50 टक्के, हिरवा 25 टक्के. लाल चेंडूसाठी कोर्टही छोटं असतं. मुलं तासाभरात रॅली करायला लागतात. मोठ्यांनीही याच चेंडूंनी सुरुवात करावी, पण त्यांना ते पोरकट वाटतं.

बॅडमिंटन सोपं हे मात्र मला अजिबात मान्य नाही. फूल पलीकडे पाठवणं सोपं आहे. मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत बॅकहॅन्डनं टॉस (उंच, लांब फटका) मारून दाखवा, दहा-दहा वर्षं खेळणाऱ्यांना जमत नाही. बॅडमिंटनचं दार सताड उघडं असतं, आत मात्र जिना फार उभा आहे. टेनिसचं दारच जड. एकदा आत गेलात की साठीपर्यंत आरामात खेळता येतं.

सह्यवारा, टप्प्याच्या मुद्द्याशी अर्धा सहमत. उरलेला अर्धा सर्व्हिसमध्ये आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस हे शस्त्र आहे, डोक्यावरून पूर्ण ताकदीनं मारायचं. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली असावं लागतं (2018 पासून ही उंची ठरवून दिली आहे), म्हणजे खालून वर. त्यामुळे सर्व्हिस करणारा थोडा दबूनच सुरुवात करतो, आणि पुरुष डबल्समध्ये तर समोरचा जाळीपाशी टपून बसलेला असतो. एका खेळात सर्व्हिस मिळणं म्हणजे फायदा, दुसऱ्यात जवळजवळ तोटा. बघणाऱ्याच्या छातीतली धडधडसुद्धा यामुळेच वेगळी असते.

रातवा
शिट्टी +१. बॅडमिंटन बघताना 'ब्रेक' (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकणं) हा शब्दच नाही, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

टेम्सकाठ
मी पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि विम्बल्डन आणि ऑल इंग्लंड बॅडमिंटन दोन्ही स्टँडमध्ये बसून पाहिलंय, तेव्हा बघण्याबद्दल सांगते.

विम्बल्डनला आम्ही मैत्रिणी पहाटे रांगेत लागलो होतो. तिथं रांगेलाही शिस्त असते, हातात क्रमांकाचं कार्ड मिळतं, आणि लोक आदल्या रात्रीपासून बागेत तंबू ठोकून असतात. आत गेल्यावर छोट्या कोर्टांवर खेळाडू इतके जवळ असतात की बूट गवतावर घासल्याचा आवाज येतो. चेंडू पडतो तिथं गवतातून किंचित धूळ उडते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागच्या रेषेपाशी गवत उरतच नाही, नुसती तपकिरी माती. तुम्ही टप्प्याबद्दल म्हणताय ना, तो तिथं डोळ्यांनी दिसतो. टेनिसचा टप्पा एकच नाही. गवतावर तो खाली राहतो आणि सरकतो, मातीवर थांबून उंच उठतो, हार्ड कोर्टवर मधलं काहीतरी. एकाच नावाचे तीन खेळ आहेत. म्हणून नदालची फ्रेंच ओपनची 14 विजेतेपदं आणि विम्बल्डनची 2, माणूस तोच.

ऑल इंग्लंड बर्मिंगहॅमला होतं. अंधारलेला मोठा हॉल, हिरव्या कोर्टांवर तेवढा उजेड, आणि मलेशिया, इंडोनेशिया, डेन्मार्क, भारत अशा सगळ्यांचे पाठीराखे आपापल्या आवाजात ओरडत असतात. विम्बल्डनमध्ये पॉइंट सुरू झाला की हजारो माणसं श्वास रोखतात. इथं रॅली चालू असतानाच आरडाओरडा, आणि प्रत्येक स्मॅशला सगळा हॉल मिळून हुंकार देतो. पण मला तिथं जे कळलं ते टीव्हीवर कधीच कळलं नव्हतं: फुलाचा आवाज. कडक स्मॅशचा आवाज फटाक्यासारखा येतो, ड्रॉपचा (जाळीपलीकडे अलगद टाकलेल्या फटक्याचा) जवळजवळ येतच नाही. आणि दोन्ही वेळेला हात सारखाच वर गेलेला असतो. मी तिसऱ्या रांगेत होते, तरी शेवटच्या क्षणापर्यंत काय येणार ते ओळखता येत नव्हतं. तिथं समोर उभं राहणाऱ्याचं काय होत असेल!

म्हणून माझं उत्तर: टीव्हीवर टेनिस, हॉलमध्ये बसून बॅडमिंटन. टीव्हीचा कॅमेरा उंच आणि मागे असतो, त्यात फुलाचा वेग मरतो.

सह्यवारा
टेम्सकाठ, किती छान लिहिलंत. कॅमेऱ्याचा मुद्दा शंभर टक्के पटला. सात्त्विकसाईराजच्या स्मॅशचा गिनीज विक्रम ताशी 565 किलोमीटरचा आहे, 2023 चा. टेनिसमध्ये जॉन इस्नरची 2016 मधली सर्व्हिस ताशी 253. कागदावर बॅडमिंटन दुपटीनं वेगवान. पण 565 हा आकडा फूल रॅकेटवरून सुटतानाचा आहे. ते हलकं, पिसांचं, हवा त्याला लगेच पकडते आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याचा वेग कोसळलेला असतो. चेंडूचाही कमी होतो, पण इतका नाही. डोळ्यांना मात्र हीच गंमत दिसते: अंगावर येणारी गोळी आणि दगडासारखं खाली पडणारं पीस, एकाच वस्तूत.

मी काल रात्री दोन मॅचेस आठवून थोडं गणित केलं. 2017 ची ग्लासगोची विश्व अजिंक्यपद फायनल, सिंधू विरुद्ध ओकुहारा: 19-21, 22-20, 20-22. 110 मिनिटं. एकूण पॉइंट 124. आणि 2019 ची विम्बल्डन फायनल, जोकोविच विरुद्ध फेडरर: 4 तास 57 मिनिटं, पॉइंट 422. आता भागाकार करा. टेनिसमध्ये एका पॉइंटमागे साधारण 42 सेकंद, बॅडमिंटनमध्ये 53! आपण म्हणतो बॅडमिंटन झटपट. या मॅचमध्ये ते टेनिसपेक्षा संथ गतीनं पुढे सरकत होतं, कारण रॅली संपतच नव्हत्या आणि संपल्यावर दोघींना श्वास घ्यायला वेळ लागत होता. दुसऱ्या गेमचा शेवटचा पॉइंट 73 फटक्यांचा होता. तो सिंधूनं घेतला आणि दोघीही गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. मी घरी दिवाणखान्यात उभा होतो, बसवत नव्हतं.

विम्बल्डनच्या त्या मॅचमध्ये फेडररनं 218 पॉइंट जिंकले, जोकोविचनं 204, तरी फेडरर हरला. पाचव्या सेटमध्ये 8-7 ला सर्व्हिस हातात आणि दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे एक जिंकला की विजेतेपद. टेनिसचे गुण मोजायची पद्धत अशी आहे की कोणता पॉइंट जिंकला हे किती जिंकले यापेक्षा मोठं ठरतं. बॅडमिंटनमध्येही तीन गेम असल्यामुळे असं होऊ शकतं, पण 21 पर्यंतचा प्रत्येक पॉइंट सारख्याच वजनाचा असतो, सर्व्हिस कोणाचीही असो. 2006 च्या आधी फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळायचा, तेव्हा मामला वेगळा होता.

भरदुपार
मला पैशाबद्दल लिहायचं आहे. मुलाला कशात घालायचं हे ठरवणाऱ्या घरात हाच प्रश्न आधी येतो. 2024 मध्ये विम्बल्डनच्या एकेरी विजेत्याला 27 लाख पौंड मिळाले. त्याच वर्षी दिल्लीच्या इंडिया ओपन बॅडमिंटनची सगळ्या गटांची मिळून बक्षिसाची रक्कम 8.5 लाख डॉलर होती, त्यातले 7 टक्के एकेरीच्या विजेत्याला, म्हणजे 60 हजार डॉलरच्या आत. जगातल्या पहिल्या दहांत असलेल्या बॅडमिंटनपटूची कमाई टेनिसच्या मानानं कुठेच नाही, आणि मला याचा राग येतो. मेहनत कमी नाही.

पण उलट बाजूही बघा. टेनिसमध्ये मुलाला वर आणायचं तर परदेशी स्पर्धांचे दौरे स्वतःच्या खिशातून, वर्षानुवर्षं. बॅडमिंटनमध्ये आपल्याकडे प्रकाश पदुकोण आणि गोपीचंद यांच्यानंतर वाट तयार झाली आहे, आणि 2022 चा थॉमस कप (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) इंडोनेशियाला 3-0 हरवून आला तो त्या वाटेवरूनच. त्यातला चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा.

जुनाखेळाडू
माझं वय आता बहात्तर. सांगलीत वाढलो, नोकरी पुण्यात झाली. तुम्हा सगळ्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून टंकतोय, चुका पोटात घाला.

टेनिस की बॅडमिंटन या प्रश्नावर बोलताना नंदू नाटेकरांचं नाव अजून कोणी काढलं नाही, याचं वाईट वाटलं. आमच्या सांगलीचा माणूस. तरुणपणी ते टेनिस खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत ते होते. आणि त्यांचा मुलगा गौरव पुन्हा टेनिसकडे गेला. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण. बाप टेनिसकडून बॅडमिंटनला आला, मुलगा टेनिसला गेला, आणि दोघंही शिखरावर.

त्याच्याही आधी पुण्यात प्रोफेसर दि. ब. देवधर, क्रिकेटचे, त्यांच्या तीन मुली तारा, सुंदर आणि सुमन. चाळीसच्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या या. त्या काळात मुलींनी कोर्टवर उतरायचं म्हणजे काय, ते आज सांगून कळणार नाही.

आणि खेळाचं जुनं नावच मुळी 'पूना'. इंग्रज अधिकारी इथल्या छावणीत खेळायचे, त्यांनी तो मायदेशी नेला, आणि तिकडे ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाऊसवरून त्याला आजचं नाव मिळालं. पुण्यात राहून बॅडमिंटनला परका खेळ कोणी म्हणू नये.

सह्यवारा
काका, पाया पडतो. नाटेकरांचं टेनिस मला माहीतच नव्हतं. अजून लिहा, तुम्ही स्वतः काय खेळायचात?

जुनाखेळाडू
बॅडमिंटन, पन्नाशीपर्यंत. उघड्या कोर्टवर. पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आत. साडेसातनंतर फूल हवेत वळायला लागायचं, मग घरी. पिसांचं फूल महाग, त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी डबा उघडून पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरायचो आणि बंद करून ठेवायचो. पिसं कोरडी राहिली की पहिल्या चार स्मॅशमध्ये तुटतात, थोडी ओल धरली की टिकतात. सोळा पिसं, सगळी पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची. प्रत्येक रॅलीनंतर बोटांनी त्यांना सारखं करायचो. पन्नाशीनंतर गुडघ्यानं ऐकलं नाही. आता सकाळी टेनिसच्या कोर्टावर डबल्स खेळतो, चौघांची मिळून वयं पावणेतीनशे. तो टप्पा आम्हाला वेळ देतो, सह्यवारा, तुमचा मुद्दा मला तरी पूर्ण पटला.

चाफा_७
मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांनी गुडघ्याचा विषय काढला म्हणून लिहिते.

माझ्याकडे बॅडमिंटनचे पेशंट येतात ते घोटा, गुडघा आणि टाचेच्या वरची अकिलिस शीर घेऊन. विशेषतः चाळिशीच्या आसपासचे पुरुष. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी थेट कोर्टवर, आणि मागे उडी घेऊन पुढे झेपावताना टाचेमागे कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं. मागे वळून बघतात तर कोणी नसतं. शीर तुटलेली असते. टेनिसचे येतात ते कोपर, खांदा आणि कंबर घेऊन. बॅडमिंटनवाले टेनिसला गेले की मनगटानं झटका मारतात. फुलासाठी तो ठीक, 85 ग्रॅमच्या रॅकेटला साजेसा. 56 ते 59 ग्रॅमचा चेंडू 300 ग्रॅमच्या रॅकेटनं मनगटाच्या झटक्यानं मारला तर कोपर महिन्याभरात बोलायला लागतं. सह्यवारा, तुम्ही जपा.

डबल्स खेळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: पुढे उभे असाल तर जोडीदार मागून काय मारतोय हे बघायला वळू नका. जवळून आलेलं फूल डोळ्यात बसलं तर फार वाईट इजा होते. मी पाहिली आहे.

2018 मध्ये कोपनहेगनच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. न खेळणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुष्य 9.7 वर्षांनी जास्त, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं 6.2 वर्षांनी. टेनिसवाले हा आकडा फार मिरवतात. पण तो अभ्यास निरीक्षणाचा आहे. टेनिस कोणाला परवडतं, त्यांचं राहणीमान कसं असतं, हे त्यातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. दोन्ही खेळ पळण्या-सायकलपेक्षा वर होते, त्यामागे चार माणसांत मिसळून खेळणं हे कारण असू शकतं, असं संशोधकांनी म्हटलं होतं. काकांच्या चौकडीकडे बघून मला ते पटतं.

वऱ्हाडी_पाऊस
चाफाताई, अकिलिसचं वाचून अंगावर काटा आला. उद्यापासून आधी वॉर्म-अप, मग फूल.

टेम्सकाठ
पुणेकरांनी बालेवाडीबद्दल काहीच कसं लिहिलं नाही?

सह्यवारा
लिहितो. 2018 ते 2023 मध्ये पाच वेळा एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची) स्पर्धा पुण्यातल्या बालेवाडीला झाली, 2021 सोडून. मी 2019 ची फायनल पाहिली, केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक 2.03 मीटर, दुसरा 2.11 मीटर. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले, अँडरसन जिंकला. शिट्टीनी सर्व्हिसबद्दल लिहिलंय ते मी तिथं अनुभवलं. इतक्या वरून चेंडू येतो की रिसीव्हरचं पहिलं पाऊल पडायच्या आत तो मागच्या पडद्यावर आपटलेला असतो. ताकद अफाट, पण रॅली फार थोड्या. शेजारचे एक आजोबा हळहळत होते की रॅली बघायला आलो होतो. 2023 नंतर स्पर्धा पुण्यातून गेली आणि आता तिथून जाताना रुखरुख लागते. आपल्या मुलांना जगातले खेळाडू दहा मीटरवरून दिसत होते.

मात्र टेनिस आपल्याकडे संपलेलं नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये आपल्या ऋतुजा भोसलेनं बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं, आणि आठवड्याभरात त्याच स्पर्धेत सात्त्विक-चिरागनं बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीचं. दोन्ही मॅच मी आणि लेकीनं एकत्र पाहिल्या. सात्त्विक-चिरागच्या वेळी ती सोफ्यावर उभी होती. टेनिसच्या वेळी ती शांत बसून सगळं बघत होती, ऋतुजा सर्व्हिसच्या आधी चेंडू किती वेळा टप्पा पाडते ते मोजत होती. तेव्हा ती फक्त बॅडमिंटन खेळायची, आणि त्यानंतर वर्षभर टेनिसचा हट्ट धरला तिनं. या धाग्यात मी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर आता लिहितो: खेळायला बॅडमिंटन हे मत कायम आहे, कारण 13.40 मीटरच्या त्या कोर्टात मला दुसरं काही सुचत नाही, इतकं ते मला पूर्ण व्यापतं. बघायला मात्र तिच्या शेजारी बसून टेनिस.

शिट्टी, एक तुमच्याकडून हवं आहे. माझी सर्व्हिस बसत नाही. रॅकेट बरोबर जाते, चेंडूच प्रत्येक वेळी वेगळीकडे वर जातो. बॅडमिंटनमध्ये फूल हातातून फक्त सोडायचं असतं, वर फेकायची सवयच नाही.

शिट्टी
बरोबर ओळखलंत, सर्व्हिस हातानं नाही, फेकीनं बिघडते. आठवडाभर मारूच नका. रेषेमागे सर्व्हिसला उभे राहा, रॅकेट जमिनीवर ठेवा, तिचं तोंड डाव्या पायाच्या थोडं पुढे, कोर्टाच्या आत. डावा हात सरळ ठेवून, बोटांनी न फिरवता, हात डोळ्यांच्या उंचीला आला की चेंडू सोडा. वर जाऊ द्या आणि पडू द्या, हात लावू नका. तो रॅकेटच्या जाळीवर पडला पाहिजे. दहापैकी आठ वेळा पडायला लागला की मला इथंच कळवा, मग पुढचं सांगतो.

सह्यवारा
आज सकाळी केलं. दहापैकी तीन. लेकीचे सात.